एडिस्टनचे दीपगृह: चार मनोरे, एक खडक आणि सांध्यांचा इतिहास

ओळंबा (धागाकर्ता)

दीपगृहांवरच्या मागच्या चर्चेत एडिस्टनचा उल्लेख दोनदा आला आणि दोन्ही वेळा 'स्मीटनने सिमेंट शोधले' एवढ्यावरच थांबला. या दीपगृहाचा इतिहास त्याहून बराच मोठा आहे, म्हणून वेगळा धागा काढतो. बांधकाम, चुना, दिवे, समुद्र यांतले जाणकार इथे आहेत. कृपया नेमकी माहिती द्या.

जागा: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्लिमथ बंदरापासून नैर्ऋत्येला सुमारे २२ किलोमीटर आत समुद्रात. जमिनीचे सर्वांत जवळचे टोक म्हणजे कॉर्नवॉलमधले रेम हेड, तेही १४ किलोमीटरवर. खडक नाइस जातीचा, फार जुना आणि टणक. भरतीला बहुतेक सगळा पाण्याखाली जातो.

या खडकावर आजवर चार मनोरे उभे राहिले:

पहिला हेन्री विन्स्टनलीचा. काम १६९६ मध्ये सुरू, १४ नोव्हेंबर १६९८ ला दिवा लागला. पुढच्या वर्षी त्याने तो आणखी जाड आणि उंच केला. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात मनोरा नाहीसा झाला. त्या रात्री विन्स्टनली स्वतः आत होता.

दुसरा जॉन रुडयर्डचा, लाकडी, शंकूच्या आकाराचा. १७०८ पासून दिवा. २ डिसेंबर १७५५ ला जळाला.

तिसरा जॉन स्मीटनचा, दगडी. १६ ऑक्टोबर १७५९ ला दिवा लागला.

चौथा जेम्स डग्लसचा, १८८२ चा. आज चालू आहे तो हाच.

माझ्या मते चारही मनोऱ्यांना एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागले: मनोरा खडकाला धरून कसा राहणार? विन्स्टनलीने पहिल्या वर्षी खडकात १२ भोके पाडून लोखंडी दांडे रोवले, एवढेच काम झाले. बाकी मनोऱ्याची पकड त्या दांड्यांवर आणि स्वतःच्या वजनावर. वरचा भाग गॅलऱ्या, नक्षी, बाहेर आलेले खांब यांनी भरलेला, म्हणजे वारा आणि लाट दोघांनाही धरायला भरपूर जागा. वादळानंतर खडकावर उरले ते काही वाकलेले लोखंड.

दर्यासारंग

उत्तम धागा. समुद्राच्या बाजूने थोडी भर.

हा खडक धोक्याचा का? अटलांटिकमधून येणारी लांब लाट, म्हणजे दूरच्या वादळाचा उसळ, नैर्ऋत्येकडून थेट इथे येते. आजूबाजूला खोल पाणी आहे आणि मध्येच हा खडक उभा वर येतो. त्यामुळे लाटेची ताकद उथळ पाण्यात हळूहळू जिरत नाही, एकदम खडकावर आपटते. वारा पडलेला आणि समुद्र शांत असतानाही इथे फेस दिसतो. नावातल्या 'एडी' या इंग्रजी शब्दातच भोवऱ्याचा अर्थ आहे.

भरती-ओहोटीतला फरक प्लिमथला उधाणाच्या दिवसांत सुमारे ४.७ मीटर, म्हणजे मुंबईच्या मोठ्या उधाणाच्या जवळपास. पायाचे काम ओहोटीच्या वेळी, तेही उसळ नसेल तरच. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त खाली जाते म्हणून खालच्या पायऱ्या कोरायला तेच दिवस सोयीचे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत पाणी पुरेसे उतरतच नाही. स्मीटनचे काम १७५६ ते १७५९ चालले, पण खडकावर प्रत्यक्ष कामाचा वेळ मोजला तर तो सुमारे १६ आठवडेच भरतो.

म्हणून त्याने माणसांच्या दोन तुकड्या केल्या. एक खडकावर, दुसरी किनाऱ्यावर दगड घडवायला, आणि आठवड्याने अदलाबदल. खडकाजवळ एक मोठी बोट कायम नांगरून ठेवली होती. मजूर तिच्यातच राहत, अवजारे तिच्यातच ठेवत. रोज प्लिमथहून ये-जा केली असती तर वाऱ्याची दिशा बदलल्यावर अर्धी ओहोटी वाटेतच गेली असती.

पाथरवट

ओळंबा, रुडयर्डचा मनोरा दोन ओळींत संपवू नका. खडकात लोखंड रोवण्याची त्याची पद्धत अजूनही शिकण्यासारखी आहे.

त्याने खडकात ३६ भोके पाडली. भोक तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यात लोखंडी बोल्टचा एक भाग घालायचा, मग शेजारी दुसरा भाग पाचरीसारखा ठोकायचा. दोन्ही मिळून तळाशी फाकतात आणि वर ओढले तरी निघत नाहीत.

अडचण पाण्याची. भोकात समुद्राचे पाणी भरलेले असते. त्यावर वितळलेला धातू ओतला तर पाण्याची वाफ होऊन धातू उसळतो, ओतणाऱ्याच्या अंगावर येतो आणि भोकात पोकळी राहते ती वेगळीच. रुडयर्डचा क्रम असा: भोक पुसून कोरडे करायचे, लगेच वितळलेली चरबी भरायची म्हणजे पाणी पुन्हा शिरत नाही. मग लोखंड तापवून त्या चरबीत घालायचे. लोखंडाच्या उष्णतेने चरबी पातळच राहते. शेवटी वरून वितळलेले प्यूटर, म्हणजे कथिलप्रधान मिश्रधातू, ओतायचे. ते जड असल्यामुळे तळाशी जाते आणि चरबीला वर ढकलून बाहेर काढते. लोखंडावर चरबीचा पातळ थर उरतो, तो गंजापासून वाचवतो. जवळपास ५० वर्षांनी स्मीटनने हे बोल्ट पाहिले तेव्हा ते चांगल्या स्थितीत होते.

वर लाकडाचे आणि ग्रॅनाइटचे थर आळीपाळीने, दगड वजनासाठी. बाहेरून उभ्या फळ्या आणि जहाजासारखी सांधाबंदी. जहाज बांधणारे सुतारच कामाला होते. रुडयर्ड स्वतः रेशमाचा व्यापारी. आकार गुळगुळीत, लाटेला धरायला काही नाही. हा मनोरा समुद्राने पाडला नाही, आगीने खाल्ला. मेणबत्त्यांच्या खोलीचे छत लाकडी, वर शिशाचा पत्रा, आणि वर्षानुवर्षे साठलेली काजळी.

घाणीचाचुना

चुन्यावर मी लिहितो. 'स्मीटनने सिमेंट शोधले' हे वाक्य दुरुस्त करण्यासारखे आहे.

साधा चुना, म्हणजे शुद्ध चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा, भट्टीतून काढून विरवला की घट्ट होतो तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने. पाण्याखाली ही क्रिया होतच नाही. एडिस्टनवर दगड बसवल्यावर काही तासांत भरती येते. असा चुना दरजेतून धुऊन जाणार हे नक्की.

त्या काळचा समज असा होता की चुनखडी जितकी कठीण तितका चुना चांगला. स्मीटनने १७५६ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणची चुनखडी आणून भाजली, मळून तिचे लहान गोळे केले आणि पाण्यात टाकून पाहिले. कठीणपणाचा काही संबंध नव्हता. साउथ वेल्समधल्या अबरथॉच्या निळसर लायस चुनखडीचे गोळे पाण्यात घट्ट झाले. पांढऱ्या शुद्ध दगडाचे गोळे विरघळले. मग त्याने दगडाचे तुकडे नायट्रिक आम्लात विरघळवले. जो दगड मागे चिकणमाती ठेवतो त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हा निष्कर्ष त्याचा. आज आपण ज्याला जलीय चुना म्हणतो त्याचे हे पहिले व्यवस्थित स्पष्टीकरण.

त्यात त्याने इटलीतल्या चिविताव्हेक्कियाहून आलेली ज्वालामुखीची माती, पोझोलाना, मिसळली. प्रमाण एकास एक. हा माल वेस्टमिन्स्टर पुलासाठी मागवलेला होता आणि प्लिमथच्या एका व्यापाऱ्याकडे पडून होता. हॉलंडमधला तरास नावाचा असाच माल त्याला ठाऊक होता, पण त्याने पोझोलाना निवडला.

आपल्याकडच्या गवंड्यांना यात परके काही नाही. सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, आणि ती चुन्यात तेच काम करते: भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि हवेशिवाय घट्ट होतात. जुन्या हौदांना आणि विहिरींना सुर्खीचा चुना वापरतात तो याच कारणासाठी. जीर्णोद्धाराच्या कामात लोक सुर्खी जाड वापरतात, तिथे चूक होते. ती वाळूची जागा घेणारी भर नाही. बारीक दळलेली नसेल तर क्रिया होत नाही, नुसता लाल रंग येतो. शिवाय जास्त भाजलेली, काळपट वीट दळून काही उपयोग नाही. हलकी भाजलेली वीटच लागते.

ओळंबा

घाणीचाचुना, याचसाठी धागा काढला होता. मग पोर्टलंड सिमेंटचा संबंध कुठे येतो?

घाणीचाचुना

नावापुरता. स्मीटनने लिहून ठेवले की आपला चुना टणकपणात आणि टिकाऊपणात उत्तम पोर्टलंड दगडाची बरोबरी करेल. १८२४ मध्ये जोसेफ अॅस्पडिनने पेटंट घेताना 'पोर्टलंड सिमेंट' हे नाव वापरले, कारण तो दगड इंग्लंडमध्ये नावाजलेला होता. स्मीटनचा माल मात्र सिमेंट नव्हता. चुनखडी आणि माती मुद्दाम ठरावीक प्रमाणात मिसळून उच्च तापमानाला भाजणे त्याने केलेच नाही. निसर्गाने मिसळून दिलेला दगड त्याने ओळखला. माझ्या मते हे ओळखणेच मोठे होते.

पाथरवट

आता दगड बसवण्याचा क्रम. एडिस्टनची चित्रे पाहिली तर प्रत्येक रद्दा, म्हणजे दगडांचा एक थर, कोड्याच्या तुकड्यांसारखा दिसतो. याला इंग्रजीत डव्हटेल म्हणतात. दगडाची एक बाजू पुढे रुंद होत जाते आणि शेजारच्या दगडाच्या खाचेत बसते. आडवा ओढला तर निघत नाही, फक्त सरळ वर उचलला तरच निघतो. ही कल्पना लंडनच्या पदपथांच्या कडेच्या दगडांवरून सुचल्याचे स्मीटनने सांगितले आहे.

खडक उतरता. त्याने उतार सपाट केला नाही, पायऱ्या कोरल्या आणि पायऱ्यांच्या कडेला खाचा पाडल्या. पहिला दगड १२ जून १७५७ ला बसला, वजन सव्वादोन टन. पहिल्या रद्द्यात दगड फक्त चार, दुसऱ्यात तेरा. पूर्ण वर्तुळाचा पहिला रद्दा सातवा. म्हणजे खालचे सहा रद्दे खडकाच्या पोटातच बसलेले, दगड दगडाला आणि खडकालाही अडकलेला.

एक दगड असा बसवत:

१. किनाऱ्यावर प्लिमथच्या मिलबेमधल्या आवारात अख्खा रद्दा फळ्यांच्या ओट्यावर कोरडा मांडून पाहायचा. खुणा करायच्या, मग बोटीत चढवायचा. समुद्रात छिन्नी लावायची वेळ येऊ द्यायची नाही.

२. खडकावर दगड कोरडा बसवून पाणसळ पाहायची, मग वर उचलायचा.

३. चुना पसरून दगड परत खाली आणायचा आणि लाकडी हातोडीने ठोकून पक्का करायचा.

४. दगडाच्या बाजूंना उभ्या खाचा असत. त्यांत ओकच्या पाचरा जोडीने: एक रुंद टोक खाली ठेवून, दुसरी त्याच्यावर उलटी ठोकायची. ठोकताना जोर लावायचा नाही, नाहीतर डव्हटेलचा कोपरा उडतो.

५. दगडात आधीच पाडलेल्या दोन भोकांतून खालच्या दगडात भोक पाडायचे आणि ओकची मेख ठोकायची. मेखेचे खालचे टोक चिरून त्यात पाचर लावलेली असते. मेख तळाला टेकली की टोक फाकते. वरचे टोकही पाचरीने फाकवायचे.

६. दरजा पातळ चुन्याने भरायच्या आणि बाहेरच्या कडेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप. ते काही मिनिटांत घट्ट होते आणि चुना घट्ट होईपर्यंत लाट अडवते.

एका रद्द्याचा दुसऱ्यावर घसरणारा ताण घेण्यासाठी मधोमध आणि भोवती संगमरवराचे ठोकळे, अर्धे खालच्या रद्द्यात, अर्धे वरच्या. बाहेरचे दगड कॉर्निश ग्रॅनाइटचे, आतले पोर्टलंडचे. सगळीकडे ग्रॅनाइट वापरला असता तर घडवायला वेळ कितीतरी जास्त लागला असता. आणि उघडा पोर्टलंड दगड समुद्रातले भोके पाडणारे शिंपले पोखरतात, म्हणून तो आत.

रानवेल

एक शंका. ओकच्या मेखा आणि पाचरा खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत का? १०० वर्षांनी त्या जागी पोकळी राहणार.

पाथरवट

रानवेल, प्रश्न योग्य. पण त्यांचे काम तात्पुरते होते. चुना घट्ट होईपर्यंत भरतीने दगड उचलू नये, एवढ्यासाठी. पाण्यात दगडाचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याइतके कमी होते, वर लाटेचा झटका बसतो. मेखा-पाचरा नसत्या तर ताजा बसवलेला दगड पुढच्या भरतीत हलला असता. एकदा वरचे रद्दे चढले आणि चुना धरला की वजन, डव्हटेल आणि संगमरवरी ठोकळे पुरतात. शिवाय सगळ्या बाजूंनी बंद, हवा नसलेल्या जागेत ओक फार काळ टिकतो.

काचबिलोर

दिव्याकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

स्मीटनच्या मनोऱ्यात १७५९ ला होता २४ मेणबत्त्यांचा झुंबरवजा दिवा, दोन कड्यांवर मांडलेला. परावर्तक नाही, भिंग नाही. मेणबत्तीची वात जळून लांब झाली की ज्योत धुरकट होते, म्हणून वात वरचेवर कापावी लागते. त्यासाठी दर अर्ध्या तासाला एक ठोका देणारे घड्याळ बसवले होते. प्लिमथच्या किनाऱ्यावरून हा दिवा चौथ्या प्रतीच्या, म्हणजे अंधुक, ताऱ्याएवढा दिसत असे. आकाश स्वच्छ असतानाच.

मग तेल का नाही? त्या वेळच्या तेलाच्या दिव्याची काजळी खिडक्यांच्या काचांवर बसे. कोळशाची शेगडी उघडी लागते, वारा लागतो आणि कोळशाचे ढीग, ते या खडकावर आणणार कसे? अर्गांडचा दिवा १७८० नंतर आला. त्यात वात पोकळ नळीसारखी, हवा आतूनही खेळते, म्हणून धूर जवळजवळ नाही. १८१० मध्ये ट्रिनिटी हाउसने, म्हणजे इंग्लंडच्या दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, मेणबत्त्या काढून २४ अर्गांड दिवे आणि त्यांच्यामागे परावर्तक बसवले. १८४५ मध्ये तेही काढले आणि पॅरिसच्या हेन्री लेपोटच्या कारखान्यातले भिंग आले, मध्ये अनेक वातींचा एकच दिवा. मनोरा तोच, पण उजेडाच्या बाबतीत ८६ वर्षांत तीन युगे.

डग्लसच्या मनोऱ्यात चान्स ब्रदर्सचे दुमजली भिंग होते, एकावर एक दोन दिवे. हवा स्वच्छ असेल तेव्हा एकच लावायचा, धुके आले की दोन्ही. दर ३० सेकंदांनी दोन झोत. आजची खूण दर १० सेकंदांनी दोन पांढरे झोत, पल्ला १७ सागरी मैल. शिवाय हँड डीप्स या जवळच्या उथळ जागेकडे वेगळा स्थिर तांबडा दिवा.

दर्यासारंग

सगळीकडे वाचायला मिळते की स्मीटनने ओक वृक्षाचा आकार घेतला, तळाशी रुंद आणि वर निमुळता, आणि म्हणून मनोरा टिकला. यावर माझा आक्षेप आहे. वजन खाली राहते हे खरे, पण तळाचा बाक लाटेला वर चढायला उतार देतो. मोठी लाट मनोऱ्याच्या अंगावरून वर सरकत जायची आणि गॅलरीच्या बाहेर आलेल्या दगडी पट्टीला खालून धडक द्यायची. ती पट्टी उचलली जाऊन सांधे सैल होत. पुढे आतून लोखंडी पट्ट्या घालून मनोरा बांधावा लागला आणि पट्टीचा पुढे आलेला भाग कमी करावा लागला.

डग्लसने हे पाहूनच तळाला उभा दंडगोल बांधला, ४४ फूट व्यासाचा, २२ फूट उंच. लाट त्यावर आपटून फुटते, चढत नाही. वरचा निमुळता मनोरा त्या ओट्याच्या आत मागे सरकून सुरू होतो.

ओळंबा

आक्षेप मान्य, पण अर्धाच. १८७७ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा मनोऱ्यात दोष नव्हता. लाटा मनोऱ्याखालचा खडक खात होत्या, मोठ्या लाटेने मनोरा हलायचा. शेजारचा खडक शाबूत होता, म्हणून नवा मनोरा सुमारे ४० यार्डांवर. म्हणजे सांधा अखेरपर्यंत सुटला नाही, ज्याला सांधले होते तेच पोकळ होत गेले. आकार बदलला असता तरी खडक वाचला नसता.

दर्यासारंग

खडकाचे मान्य. पण १०० फुटांपेक्षा कमी उंचीच्या मनोऱ्यावर दिवा लाटांच्या तुषारांत झाकला जायचा, हेही नव्या मनोऱ्याचे एक कारण होते. स्मीटनचा ७२ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर, डग्लसचा ४९ मीटर.

घाणीचाचुना

मजल्यांचे राहिले. स्मीटनने खोल्यांचे मजले दगडी कमानीचे केले. कमान भिंतीला बाहेर ढकलते, आणि वर भिंत एकाच दगडाच्या जाडीची. त्याने भिंतीत खाच कोरून लोखंडी साखळी गोल फिरवली आणि शिशाने भरून टाकली. विहिरीच्या काठाला किंवा लाकडी पिंपाला पट्टा बसवावा तसे. डग्लसने कमान ठेवली, पण मजल्याचे दगडच भिंतीच्या दगडांत डव्हटेलने अडकवले. बाहेर ढकलणारा जोर भिंतीपर्यंत पोचतच नाही. शिवाय त्याने डव्हटेल आडवे आणि उभे दोन्ही दिशांनी घेतले, २१७१ दगड, ४६६८ टन ग्रॅनाइट. पायाची जागा ओहोटीच्या पातळीखाली, म्हणून आधी विटांचा गोल बांध बांधून आतले पाणी पंपाने उपसले. चुन्याऐवजी इथे पोर्टलंड सिमेंट. अंदाज ७८,००० पौंडांचा होता, खर्च ५९,२५५ झाला.

रानवेल

रुडयर्डच्या मनोऱ्याच्या आगीत रखवालदार शिसे गिळून मेला ही गोष्ट खरी आहे का?

पाथरवट

खरी. हेन्री हॉल, वय ९४ सांगितले जाते. वर जळणाऱ्या छतावर बादलीने पाणी फेकताना वितळलेले शिसे खाली पडले. तो १२ दिवस जगला. डॉक्टरने नंतर पोटातून सुमारे सात औंसांचा तुकडा काढला आणि रॉयल सोसायटीला कळवले. तिथे कोणी विश्वास ठेवेना. तो तुकडा आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

काचबिलोर

अवांतर, पण मुंबईकरांसाठी. कुलाब्याच्या दक्षिण टोकाचे प्राँग्ज दीपगृह याच कुळातले. थॉमस ऑर्मिस्टनने १८७५ मध्ये बांधले, खर्च ६,२०,२५५ रुपये. भरतीला पाण्यात जाणाऱ्या खडकावर गोल दगडी मनोरा, म्हणजे अडचण तीच: ओहोटीत काम, भरतीत थांब.

सागरगोटा

प्लिमथला जाणाऱ्यांसाठी. स्मीटनचा वरचा भाग दगड दगड उतरवून प्लिमथमधल्या 'हो' या समुद्राकाठच्या उंच मैदानावर नव्या ओट्यावर उभारला आहे, सप्टेंबर १८८४ पासून खुला. आत ९३ पायऱ्या. चढताना भिंतींची जाडी आणि मजल्यांच्या कमानी जवळून पाहता येतात. डव्हटेल मात्र तिथे दिसणार नाहीत, ते भरीव तळात आहेत.

ओळंबा

आणि तो तळ अजून समुद्रातच आहे. उतरवताना खालचे रद्दे निघेनात, म्हणून तसेच सोडले. जिन्याची पोकळी भरून टाकली. हवा स्वच्छ असेल तर 'हो'वरून डग्लसच्या मनोऱ्याशेजारी तो ठेंगणा बुंधा दिसतो. डग्लसच्या मनोऱ्याच्या डोक्यावर १९८० मध्ये हेलिकॉप्टर उतरायचा ओटा बसवला आणि १८ मे १९८२ ला, बरोबर १०० वर्षांनी, तो मनोरा स्वयंचलित झाला. बुंध्याच्या दरजांतला अबरथॉचा चुना आजही प्रत्येक भरतीत पाण्याखाली जातो.